कॅरिबियनची क्रूझ: आधी बेटं ठरवा, मग जहाज

कॅरिबियनच्या क्रूझबद्दल विचारणारे बहुतेक जण पहिला प्रश्न जहाजाचा विचारतात. कुठलं मोठं, कुठल्यावर करमणूक जास्त, कुठल्यावर जेवण चांगलं. मी प्रत्येकाला हेच सांगते, की आधी नकाशा उघडा आणि बेटं निवडा. नवरा-बायको दोघंच निघाला असाल तर नक्कीच. मुलं बरोबर असली की जहाजावरच्या घसरगुंड्यांना महत्त्व येतं. दोघंच असलो की सगळी मजा सकाळी पडद्याआडून कुठलं बेट दिसतं यात असते.

मार्ग ढोबळमानाने तीन. पश्चिमेकडे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका. पूर्वेकडे सेंट थॉमस, सेंट मार्टिन, प्वेर्तो रिको. दक्षिणेकडे बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका आणि त्याहून खाली व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ अरुबा, बोनेर, क्युरासाव. मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून दक्षिणेकडे जायचं तर जाता-येता कितीतरी वेळ नुसता समुद्रच. प्वेर्तो रिकोतल्या सॅन ह्वानहून सुटणारी जहाजं मात्र मुळातच बेटांच्या माळेला लागून असतात, त्यामुळे जवळजवळ रोज सकाळी नवं बंदर मिळतं. आम्ही वेगवेगळ्या वर्षी दोन्ही प्रकार केले. माझं मत पक्कं आहे: बेटं बघायची असतील तर सॅन ह्वान.

प्वेर्तो रिको अमेरिकेचा प्रदेश असल्याने तिथून चढायला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. जहाज बाहेरच्या देशांत जाऊन परत अमेरिकेच्या हद्दीत येतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. थंडीच्या मोसमात बार्बाडोसच्या ब्रिजटाउनहूनही क्रूझ सुटतात. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर तो पर्याय बघा, फक्त विमान अमेरिकेतून बदलायचं नाही ना, ते तपासा. प्रत्येक बेटाचे नियम वेगळे, म्हणून मार्गातल्या सगळ्या बेटांची नावं लिहून क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्या आणि मगच पैसे भरा. एक कागद कमी असला तर बंदरावरूनच परत पाठवतात.

चक्रीवादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. त्यातला सप्टेंबर सर्वांत धोक्याचा. 2017च्या सप्टेंबरमध्येच आधी इर्मा आणि मग मारिया अशा दोन वादळांनी सेंट मार्टिन, डॉमिनिका, प्वेर्तो रिको उद्ध्वस्त केलं होतं. या महिन्यांत तिकिटं स्वस्त असतात, पण कॅप्टन ऐनवेळी मार्ग बदलू शकतो, आणि तुम्ही सही केलेल्या करारात त्याला ती मुभा असते. अरुबा, बोनेर, क्युरासाव वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत, म्हणून पावसाळ्यातच जायचं असेल तर तो मार्ग धरा. नाहीतर नाताळची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, कोरडी हवा असते. विमानाने एक दिवस आधीच पोहोचा. सॅन ह्वानच्या जुन्या शहरात निळसर दगडांच्या फरसबंद गल्ल्या आणि समुद्रावर रोखलेला एल मोरो किल्ला आहे, तो दिवस वाया जात नाही.

केबिनचं सांगते. माझ्या नवऱ्याला बोट लागते. म्हणून आम्ही कायम जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घेतो, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पोट ढवळायला लागल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग होत नाही, ती जहाज सुटायच्या आधीच घ्यायची. आल्याच्या वड्या पर्समध्ये ठेवायच्या. बाल्कनीला पैसे जास्त पडतात, तरी या मार्गावर बाल्कनी घ्याच. जहाजं पहाटे बंदरात शिरतात. ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेसचं बंदर घोड्याच्या नालेसारखं आहे. चहाचा कप हातात घेऊन बसलं, की आधी डोंगर काळे दिसतात, मग उतारावरची तांबडी छपरं एकेक करून उजळत जातात. जहाज जवळ येतं तसे कोंबडे आरवलेले ऐकू येतात. हे डेकवर दोनशे लोकांत उभं राहून बघण्यात आणि दोघांनी गप्प बसून बघण्यात फार फरक आहे.

जहाजावरच्या पैशांत जोडप्यांना अडकवणारी एक गोष्ट म्हणजे मद्याचं पॅकेज. बऱ्याच कंपन्यांत एकाने घेतलं तर त्याच केबिनमधल्या दुसऱ्या प्रौढालाही घ्यावं लागतं. एक जण पिणारा आणि एक न पिणारा असेल तर सुट्या पेयांचे पैसे भरणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं. टिप माणशी, रोजची, आपोआप बिलात लागते, तेव्हा ती आधीच हिशेबात धरा. जेवणासाठी चढल्या दिवशीच दोघांचं वेगळं टेबल मागून घ्या, नाहीतर आठ अनोळखी माणसांत बसवतात. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळी कळवा आणि पहिल्या रात्री हेड वेटरला प्रत्यक्ष भेटा. मी तसंच करते. बहुतेक जहाजांवर तो आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा मेनू दाखवतो आणि वेगळं काही करून देतो.

आता मुख्य गोष्ट. एका बेटावर एकच गोष्ट करायची. जहाज सकाळी आठला लागतं आणि संध्याकाळी पाचला सुटतं म्हणून नऊ तास हातात आहेत असं वाटतं. उतरायची रांग, सुटण्याआधी अर्धा तास परत चढायची सक्ती, वाटेतली वाहतूक, हे वजा केलं की सहा उरतात. त्यात किल्ला, धबधबा, किनारा आणि खरेदी कोंबली की चारही गोष्टी गाडीच्या काचेतूनच दिसतात.

सेंट लुशियाचं उदाहरण घ्या. जहाज लागतं कॅस्ट्रीजला. जगप्रसिद्ध पिटॉन सुळके आहेत सुफ्रिएरजवळ, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधला रस्ता सगळा घाटाचा. एका बाजूलाच तासाहून जास्त वेळ जातो. म्हणून तिथे कॅटमरानने, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या बोटीने, समुद्रातून जा. ग्रो पिटॉन आणि पेटी पिटॉन पाण्यातून सरळ वर आलेले आहेत, त्यांची खरी उंची समुद्रातूनच कळते. सुफ्रिएरला सल्फर स्प्रिंग्ज या गंधकाच्या गरम झऱ्यांवर चिखलाची आंघोळ करतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो पाच मिनिटांत नाकाला सवयीचा होतो. बादलीतला राखाडी चिखल अंगाला फासायचा, उन्हात तडतडेपर्यंत वाळवायचा आणि गरम, काळसर पाण्यात धुऊन टाकायचा. पाठीला लावायला जोडीदार लागतोच! पोहण्याचे कपडे जुने घाला. आणि बायकांनो, जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही असेल ते जहाजावरच्या तिजोरीत ठेवून जा, गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते.

अशा लांबच्या सहली जहाजाकडूनच घ्या, महाग पडल्या तरी. त्यांची सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं किंवा पुढच्या बंदराला पोहोचवायची सोय कंपनी करते. तुमच्या टॅक्सीसाठी कोणी थांबत नाही. जवळ फिरायचं असेल तर मात्र स्वतःचं स्वतः फिरा. ब्रिजटाउनला कार्लाइल बेचा किनारा बंदरापासून टॅक्सीने थोड्या अंतरावर आहे, पाण्यात कासवं दिसतात. माझ्या नवऱ्याचं बेट बार्बाडोस. त्याची एकच गोष्ट म्हणजे केन्सिंग्टन ओव्हल, जिथे 29 जून 2024 ला भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला. सूर्यकुमारने मिलरचा झेल कुठे घेतला ते त्याला सीमारेषेच्या दोरीपर्यंत जाऊन बघायचं होतं. मी तेवढ्या वेळात समुद्रात डुंबले. जोडीने गेलं म्हणजे चोवीस तास एकत्रच असायला हवं असं नाही. वेगळे झालात तर भेटायची जागा आणि वेळ बोलून ठरवा. फोनवर विसंबू नका, आणि जहाजावर तो विमान मोडमध्येच ठेवा, समुद्रातलं उपग्रहाचं रोमिंग भयंकर महाग असतं.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर. फ्लोरिडाहून थंडीत निघालात तर पूर्वेकडची बेटं एक तास पुढे असतात, फोन आपोआप बदलतो आणि गोंधळ उडतो. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि त्याला हात लावू नका.

क्युरासावला काहीच आखू नका. नुसतं विलेमस्टॅडच्या क्वीन एम्मा पुलावर जा. 1888चा हा तरंगता पूल होड्यांच्या आकाराच्या तराफ्यांवर उभा आहे. घंटा वाजते, फाटकं लागतात आणि अख्खा पूल इंजिनाच्या जोरावर दारासारखा बाजूला फिरतो. त्या वेळी पुलावर असलेली माणसं तशीच पुलावर राहतात आणि समोरची रंगीत डच घरं हळूहळू सरकायला लागतात. पूल उघडा असेपर्यंत पलीकडे जायला फुकट फेरी असते.

डॉमिनिकाला पांढरी वाळू शोधू नका, ते बेट डोंगर, पाऊस आणि नद्यांचं. ट्रॅफल्गर धबधबे किंवा शॅम्पेन रीफ, जिथे समुद्राच्या तळातून गरम बुडबुडे वर येतात. दोन्हींपैकी एक.

ग्रेनाडाला बाजार. जायफळाचं पिवळं फळ विक्रेती बाई नखाने उकलून दाखवते, आत तपकिरी बी आणि तिच्यावर लाल, ओलसर जाळी. ती जायपत्री. डब्यात बघितलेली केशरी, वाळकी जायपत्री झाडावर अशी लालभडक असते हे मला माहीत नव्हतं. 2004च्या आयव्हन वादळाने इथली बहुतेक जायफळाची झाडं पाडली, आणि नवं झाड धरायला वर्षं लागतात. तेव्हा मसाला तिथेच, त्या बायकांकडून घ्या, घासाघीस न करता. वेळ उरला तर वॉटर टॅक्सीने ग्रँड आन्सचा किनारा.

टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं विचारा आणि लगेच दुसरा प्रश्न विचारा: कुठला डॉलर? सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, अँटिग्वा इथे पूर्व कॅरिबियन डॉलर चालतो, एका अमेरिकन डॉलरला 2.70. बार्बाडोसचा डॉलर वेगळा, एकाला दोन. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात, पण सुटे परत स्थानिक चलनात मिळतात, म्हणून एक आणि पाचच्या नोटा भरपूर ठेवा. आणि काहीही विचारायच्या आधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणा. तिथे तसं न म्हणता सरळ प्रश्न विचारणं उद्धटपणाचं मानतात.

बॅग भरताना लष्करी ठिपक्यांचे कपडे घेऊ नका, बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा, जमैका इथे सामान्य माणसाला ते घालायला कायद्याने बंदी आहे. सेंट थॉमसला ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं सनस्क्रीन 2020 पासून बंद आहे, प्रवाळ वाचवण्यासाठी. झिंक ऑक्साइडचं घ्या.

किनारा निवडताना वारा बघा. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, म्हणून पूर्वेचा अटलांटिक किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा शांत. पोहायला पश्चिम. किनाऱ्यावर हिरव्या, छोट्या सफरचंदासारखी फळं पडलेली झाडं दिसली तर लांब राहा. मँचिनील म्हणतात त्याला. फळ विषारी, चीक लागला तर कातडी भाजते, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा मारलेला असतो, पण सगळीकडे नाही.

चढताना मोठ्या बॅगा बंदरावर द्याव्या लागतात आणि केबिनमध्ये त्या उशिरा येतात. औषधं, पासपोर्ट आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्या, पहिल्या दुपारी तलाव रिकामा मिळतो. इस्त्री नेऊ नका, काढून घेतात. शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचा कपड्यांचा जोड बाजूला काढून ठेवा. परतीचं विमान दुपारच्या आधीचं घेऊ नका.