जर्मनीत युथ सेंटरमध्ये व्हॉलंटियरिंग करायचंय? जायच्या आधी हे वाचा

बाहेर जाऊन युथ सेंटरमध्ये व्हॉलंटियरिंग करायचंय, काय करावं लागतं असं बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मी जर्मनीत रूर भागात (जुना कोळसा खाणींचा पट्टा) एका युगेंडत्सेंट्रुममध्ये, म्हणजे युथ सेंटरमध्ये होते, बीएफडीवर, म्हणजे बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट, जर्मन सरकारची व्हॉलंटियरिंगची योजना (नाव पाठ व्हायलाच आठवडा जातो).

गूगल केलं की आधी युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर, म्हणजे युरोपियन युनियनची तरुणांसाठीची व्हॉलंटियरिंग योजना दिसते, वय १८ ते ३०, प्रवासखर्च पण मिळतो, वाचून एकदम भारी वाटतं. पण त्यातल्या देशांमध्ये भारत नाही, त्यामुळे इथं बसून त्याचे फॉर्म भरत बसू नका. आपल्यासाठी बीएफडी किंवा एफएसजे (तशीच दुसरी जर्मन व्हॉलंटियरिंग योजना). एफएसजेला २७ पूर्ण व्हायच्या आत घेतात, बीएफडीला वयाची वरची अट नाही. बीएफडी २०११ मध्ये सुरू झालं. तोपर्यंत लष्करात जायचं नसलेली पोरं त्याऐवजी हॉस्पिटल, वृद्धाश्रमात काम करायची, सक्तीची भरती थांबली आणि ही पोरं यायची बंद झाली, ती जागा भरायला ही योजना. त्यामुळे आजही जाहिराती जास्त करून वृद्धाश्रमाच्या आणि किंडरगार्टनच्या दिसतात, युथ सेंटर मुद्दाम शोधावं लागतं.

आता काम. घरी सगळ्यांना वाटत होतं की मी गरीब मुलांना शिकवायला चाललेय. तसं काही नसतं. शाळा सुटली की मुलं येतात, हजेरी नाही, फी नाही, मनात आलं तर येतात नाहीतर नाही. टेबल टेनिस, बिलियर्ड्स, किकर (टेबल फुटबॉल), कुणाला गृहपाठात मदत, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून स्वयंपाक. डुकराचं मांस आमच्याकडे नसायचंच, जिलेटिनवाल्या चघळायच्या गोळ्या आणताना पण पाकीट उलटून बघायचं (जिलेटिन बऱ्याचदा डुकराचं असतं), कारण अर्ध्याहून जास्त मुलं मुसलमान घरातली. काहींचे आजोबा-पणजोबा १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून तिथल्या खाणींत कामाला आलेले, आणि त्या भागातली शेवटची कोळशाची खाण २०१८ मध्ये बंद झाली. मुलं मला विचारायची तू कुठली, मी इंडिया म्हटलं की लगेच स्वतःचं सांगायची, मी तुर्की, मी लेबनीज, आणि जन्म त्याच गावच्या हॉस्पिटलातला. हा प्रश्न त्यांनाही आयुष्यभर विचारला गेलाय, म्हणून असेल, पण माझ्याशी त्यांचं पहिलं बोलणं यावरूनच सुरू व्हायचं. सुरुवातीला वाटतं आपण नुसतेच बसलोय, पगारी टाइमपास चाललाय. पण रोज तिथं दिसणं हेच निम्मं काम आहे, तीन महिने फक्त किकर खेळणारा पोरगा एके दिवशी शाळेचं पत्र घेऊन येतो आणि म्हणतो हे घरी कसं सांगू.

म्हणून भाषेचं सांगते. संस्था साधारण जर्मनची ए२ पातळी मागतात, पण माझ्या मते युथ सेंटरला त्याच्या पुढच्या बी१ शिवाय हाल होतात. वृद्धाश्रमात आजी दोनदा सांगते, हळू सांगते, चौदा वर्षांचा पोरगा थांबत नाही. मॅक्सम्युलर भवनचा जर्मनचा कोर्स केलात तरी त्याच्याबरोबर रोज कुणाशी तरी बोलायची सवय लावा, व्याकरण नंतर.

पैसे: याला पगार नाही, पॉकेटमनी म्हणतात. २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा महिना ६४४ युरो होती आणि बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी देतात. हेल्थ इन्शुरन्स संस्था भरते. खरा प्रश्न खोलीचा. खोली देणार का, नसेल तर तिचे पैसे देणार का, हे करारात लिहून घ्या, फोनवर "बघू" म्हणाले तर तो नकार समजा. आणि इथं कुणी एजंट प्लेसमेंटचे लाखभर मागत असेल तर सरळ फोन ठेवा, संस्थांना थेट मेल करता येतो, मी पण तेच केलं.

वर्षभराच्या बीएफडीत २७ च्या आतल्यांना २५ दिवस सेमिनार असतात, बाकीचे व्हॉलंटियर तिथंच भेटतात, चुकवू नका. व्हॉलंटियरने पगारी माणसाची जागा घ्यायची नसते असा नियम आहे, तेव्हा तुम्हाला एकटीला सेंटर उघडायला-बंद करायला लावत असतील तर सेमिनारवाल्या कोऑर्डिनेटरला सांगा. गप्प बसून "चांगली मुलगी" होण्यात काही अर्थ नाही.

कागदांमध्ये बीएफडीच्या करारावर कोलोनच्या सरकारी ऑफिसची सही लागते, ती झाल्यावर मुंबईच्या कॉन्सुलेटचा व्हिसा, दोन्हीला वेळ लागतो. मुलांसोबत काम म्हणून पोलीस क्लिअरन्सही मागतात, तो आधीच काढून ठेवा. बऱ्याच जागा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, म्हणजे मेल आदल्या दिवाळीच्या सुमारास जायला हवेत. मेलमध्ये "मला सेवेची आवड आहे" लिहू नका, तुम्हाला फुटबॉल, ढोलकी, शिवण, व्हिडिओ एडिटिंग, जे काय येतं ते लिहा.