रेव्हिटमध्ये उतारावरचा रस्ता: 'व्हेरिएबल'ची टिक आधी बघा

सोलापूर म्हणजे सपाटी, इथं कसला उतार, असं समजू नका. होटगी रोडकडचा प्लॉट डोळ्यांना ताटासारखा दिसतो आणि लेव्हल घेतल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर निघतात. रेव्हिट या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरमध्ये काढलेला रस्ता बिघडायला तेवढं पुरतं.

सर्वेअरची कॅड फाईल आली की आधी एका कंटूरचा, म्हणजे समान उंचीच्या रेषेचा, झेड (उंचीचा आकडा) बघा. रेषेवर आकडा लिहिलेला असतो, रेषा मात्र शून्यावर पडलेली. अशा फाईलवरून टोपोसॉलिड, म्हणजे रेव्हिटमधली जमीन, सपाटच येणार. आपल्याकडे १ मीटरचे कंटूर पुरत नाहीत. स्पॉट लेव्हल, म्हणजे ठिकठिकाणच्या बिंदूंची मोजलेली उंची, मागून घ्या.

'सबडिव्हाइड कर, झाला रस्ता' असं सांगणारे सर प्रत्येक क्लासात असतात. सबडिव्हाइड ही जमिनीचा तुकडा वेगळा दाखवणारी कमांड, ती जमिनीवर नुसती चादर पांघरते. खड्डे-उंचवटे तसेच राहतात, कॅम्बर (मधून कडांकडे उतार) येत नाही. रेंडरपुरतं चालेल. ड्रॉइंग द्यायचं असेल तर रस्त्यासाठी फ्लोअरच घ्या, तोही स्लोप अ‍ॅरो (अख्ख्या फ्लोअरला उतार देणारा बाण) न लावता. नाहीतर एकेका पॉइंटची उंची बदलणारं मॉडिफाय सब एलिमेंट्स मिळतच नाही.

धरा, रस्ता ६० मीटर लांब, ६ मीटर रुंद, चढ २ मीटर, म्हणजे १:३०. मधोमध लांबीतून स्प्लिट लाइन (फ्लोअरचा पृष्ठभाग विभागणारी रेषा), मग दर १० मीटरला आडवी. मधल्या रेषेवरच्या पॉइंटना ०, ३३३, ६६७, १००० अशा २००० मिमीपर्यंत उंच्या. दोन्ही कडा त्याच जागी ६० मिमी खाली, म्हणजे २ टक्के कॅम्बर. मधली रेषा विसरलात तर रेव्हिट पृष्ठभागाचे जे त्रिकोण पाडतं ते मन मानेल तसे पडतात.

आता खरी मेख. फ्लोअर टाइपच्या एडिट स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे थरांच्या यादीत, कुठल्याही थराला 'व्हेरिएबल'ची (जाडी बदलू देणारी) टिक असेल, तर वरचा पृष्ठभाग चढतो आणि तळ सपाटच राहतो. प्लॅनमध्ये काही कळत नाही, थ्रीडीत जमीन तळ झाकते. कळतं ते शेड्यूलमध्ये, म्हणजे मालाच्या मोजणीच्या तक्त्यात. डांबर ५०, खडी १००, मुरूम १५०, एकूण ३०० मिमी. हिशेबाने १०८ घनमीटर. टिक मुरमाला असेल तर आकडा साडेचारशेच्या पुढे, आणि वाढलेला सगळा मुरूम! 'खाली भराव येणारच की' हा युक्तिवाद करू नका. खालची जमीन सपाट नाही, भराव वेगळा मोजायचा असतो.

घाबरण्यासारखं काही नाही. टिक काढली की पॉइंट जागेवरच राहतात, तळ आपोआप समांतर होतो. लांबीतून एक सेक्शन कापून जाडी मोजा, ३०० च्या आसपास आली पाहिजे. त्यानंतरच टोपोसॉलिडला एक्सकॅव्हेट द्या, म्हणजे रस्त्याच्या जागेची जमीन कापली जाते. ही कमांड २०२५ च्या आवृत्तीपासून आहे.