हिमालयात निघण्याआधी बर्फाची नोंदवही

डिसेंबर ते मार्च या काळात पुण्या-मुंबईहून मनाली, लाहौल किंवा केदारकांठ्याला निघणारे बहुतेक जण हॉटेलवाल्याला किंवा ट्रेक लीडरला एकच प्रश्न विचारतात: "बर्फ आहे का?" समोरून "आहे" आलं की बॅगा भरायला सुरुवात. पण तेवढ्याने काहीच कळत नाही. बर्फ कधी पडला, किती तासांत पडला, खालचा जुना थर कसला होता, नंतर ऊन पडलं की वारा सुटला, या गोष्टींवर सगळं अवलंबून असतं. रस्ता चालू राहील का, पाय मांडीपर्यंत रुतेल की काचेवरून सरकावा तसा सरकेल, डोक्यावरचा उतार जागेवर राहील की सुटून खाली येईल, हे त्यावरूनच ठरतं. यातलं बरंचसं घरबसल्या समजतं. त्यासाठी निघायच्या किमान तीन आठवडे आधी वही उघडायची.

वहीत रोज एक ओळ पुरते: तारीख, गेल्या २४ तासांतली हिमवृष्टी सेंटिमीटरमध्ये, कमाल-किमान तापमान, वारा, आकाश आणि कोणता रस्ता बंद झाला. हिमाचलसाठी हवामान खात्याच्या शिमला केंद्राचं दैनिक पत्रक पाहा. केलाँग, गोंदला, कुकुमसेरी, कल्पा इथे किती सेंटिमीटर बर्फ पडला ते त्यात येतं. उत्तराखंडासाठी डेहराडून आणि काश्मीरसाठी श्रीनगर केंद्र आहे. केदारकांठ्यासारख्या ठिकाणी मोजणी केंद्र जवळ नसतं. तिथे पायथ्याच्या सांक्री गावातल्या माणसाला फोन लावा आणि "किती पडला" याऐवजी "काल सकाळी अंगणात बूट कुठपर्यंत बुडत होता आणि आज कुठपर्यंत बुडतो" असं विचारा. दोन दिवसांतला फरक कळला की बर्फ दबत चाललाय का, हेही कळतं.

गावातलं तापमान डोंगरावर लावायचं तर दर १,००० मीटर उंचीला साधारण ६.५ अंश वजा करा. मनाली २,०५० मीटरवर आहे, अटल बोगद्याचं दक्षिण तोंड ३,०६० मीटरवर. मनालीत २ अंश तापमान आणि रिमझिम पाऊस असेल तर बोगद्यापाशी उणे ४ ते ५ अंश असतात आणि बर्फ पडत असतो. "मनालीत नुसता पाऊस आहे" ही बातमी ऐकून निर्धास्त होणाऱ्यांची गाडी नेमकी याच पट्ट्यात अडकते.

नुसती जाडी फसवते, म्हणून वजनही लिहा. कोरड्या थंडीत पडलेला १० सेंटिमीटर ताजा बर्फ वितळला तर जेमतेम १० मिलिमीटर पाणी होतं. शून्याच्या आसपास पडलेला ओला बर्फ तेवढ्याच जाडीला दुप्पट किंवा त्याहून जास्त भरतो. हिवाळाभर दबलेल्या एक मीटर थरात ३०० मिलिमीटरच्या आसपास पाणी असतं. पत्रकात हिमवृष्टी सेंटिमीटरमध्ये आणि पर्जन्य मिलिमीटरमध्ये असे दोन्ही आकडे असतील तर दोन्ही टिपा. जुन्या थरावर रात्रीत किती ओझं आलं, ते मिलिमीटरवरून कळतं.

उपग्रहाचं चित्र

नासाच्या वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळावर रोजचं चित्र फुकट मिळतं. साध्या रंगात ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे दिसतात, म्हणून मोडिस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याचा ७-२-१ हा पट्टा-संच निवडा. त्यात बर्फ निळसर-हिरवट दिसतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरेच राहतात. उंचावरचे हिमकणांचे ढग मात्र त्यातही निळसर दिसतात, तेव्हा लागोपाठ दोन-तीन दिवसांची चित्रं ताडून पाहा. जागचा हलत नाही तो बर्फ. अधिक बारकाईने पाहायचं तर कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय संकेतस्थळावर सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटर बारकाव्याची चित्रं साधारण दर पाच दिवसांनी येतात. त्यांत एकेका दरीचा उत्तर आणि दक्षिण उतार वेगळा ओळखता येतो. मागच्या दोन-तीन वर्षांतल्या त्याच तारखेचं चित्र शेजारी लावलं की साठा उशिरा आलाय की लवकर वितळतोय, हे लगेच ध्यानात येतं. पण चित्रावरून फक्त पसारा कळतो, जाडी नाही. पाच सेंटिमीटर आणि दीड मीटर वरून सारखेच दिसतात.

थरांचा इतिहास

वही ठेवायची ती खरं तर या भागासाठी. पश्चिम हिमालयात हिवाळ्यातला बराचसा बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणालींमुळे पडतो आणि दोन झंझावातांमध्ये कधी कधी दोन-तीन आठवडे कोरडे जातात. नोव्हेंबर-डिसेंबरात वीस-तीस सेंटिमीटर पडून नंतर आकाश निरभ्र राहिलं, तर थराखालची जमीन शून्याजवळ राहते आणि पृष्ठभाग रात्री उणे १५ ते उणे २० पर्यंत गार पडतो. पातळ थरात एवढा फरक आला की आतली वाफ खालून वर सरकते आणि कण वाढून साखरेसारखे सुटे होतात. दर १० सेंटिमीटरला एक अंशाहून जास्त फरक हा यासाठीचा ढोबळ निकष. मूठ वळली तरी हा बर्फ गोळा होत नाही. पुढे जानेवारीत त्यावर ६०-७० सेंटिमीटर पडला की सुट्या साखरेवर घट्ट लादी ठेवल्यासारखी स्थिती होते. एखाद्या माणसाच्या वजनानेही लादी तडकते आणि अख्खा उतार सुटतो.

म्हणून वहीत "डिसेंबरात थोडा बर्फ, मग २० दिवस कोरडे, मग दोन दिवसांत ७० सेंटिमीटर" अशा नोंदी दिसल्या तर ३० अंशांहून तीव्र उताराचा बेत सोडून द्या, फोटो कितीही सुंदर येत असोत. या जोडीला वारा असेल तर आणखी वाईट, कारण वारा एका बाजूचा बर्फ उचलून धारेच्या आडोशाला कित्येक पट साठवतो. धारेवर बाहेर लोंबणारी बर्फाची पागोळी दिसली की तिच्या खालचा उतार भरलेला आहे असं समजायचं.

हिमस्खलनाचा अंदाज चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. तिचं जुनं नाव सासे. राज्यांची आपत्ती व्यवस्थापन खाती तो जिल्हा आणि उंचीनिशी कळवतात, उदाहरणार्थ "अमुक जिल्ह्यात २,५०० मीटरच्या वर मध्यम धोका". इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आणि हिमस्खलनाचा इशारा एकच मानणं. पाऊस थांबला की हवामानाचा अलर्ट उतरतो, पण उताराचा धोका पुढे दिवसेंदिवस राहू शकतो. दुसरी म्हणजे "मध्यम" वाचून "फार नाही" असा अर्थ काढणं. पाच पायऱ्यांच्या युरोपीय मापात मृत्यू सर्वाधिक होतात ते मधल्या, तिसऱ्या पायरीला, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरीच थांबतात.

उतार मोजणं

लादीसारखी स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. गुगल अर्थवर वाटेच्या वरचा उतार मोजा: आडवं अंतर १७० मीटर आणि चढ १०० मीटर असेल तर ३० अंश, दोन्ही १०० मीटर असतील तर ४५ अंश. आपण चालतो ती वाट सपाट असणं पुरेसं नाही, तिच्या डोक्यावर काय आहे ते पाहायचं. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नाथुला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ सात पर्यटक हिमस्खलनात गेले. ते कुठलंही शिखर चढत नव्हते, रस्त्यालगतच्या बर्फात होते. सोलंग, सिस्सू, कोकसरला गाडीतून उतरून नाल्याच्या तोंडाशी फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. झाडं नसलेला किंवा मोडक्या झाडांचा सरळ पट्टा वरून रस्त्यापर्यंत आलेला दिसला, तर ती स्खलनाची जुनी वाट आहे. तिथे गाडी थांबवू नका.

जागेवर पोचल्यावर या खुणा पाहा: गेल्या २४ तासांत शेजारच्या उतारावर सुटलेला बर्फ, पाऊल टाकताना येणारा "धप्प" असा पोकळ आवाज, पायापासून पळत जाणारी भेग, आणि सकाळीच शून्याच्या वर गेलेलं तापमान. यातली एकही दिसली तर मागे फिरा. वाटाड्या खड्डा खणून ३० गुणिले ३० सेंटिमीटरचा खांब कापेल आणि त्यावर फावडं ठेवून मनगटाने, मग कोपरातून, मग खांद्यातून प्रत्येकी १० थापा मारेल. पहिल्या दहांतच थर सरकला तर निर्णय झाला. तिसाव्या थापेपर्यंत टिकला तर मात्र "सुरक्षित" असा निकाल काढू नका, वीस पावलांवर थर वेगळा असू शकतो. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची वाचण्याची शक्यता पहिल्या १०-१५ मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. गावातून मदत येईपर्यंत तेवढा वेळ कधीच निघून गेलेला असतो.

रस्त्याचा हिशेब वेगळा आहे. बर्फ थांबून आकाश मोकळं झाल्यावर पहिल्या दोन रात्री सर्वांत निसरड्या. दिवसा वितळलेलं पाणी संध्याकाळी सावलीच्या वळणांवर गोठतं. उत्तराखंडातले चालक याला पाला म्हणतात. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या. परतीची वेळ दुपारी तीनच्या आत ठेवा, लाहौल-स्पिती पोलिसांचं त्या दिवशी सकाळचं रस्तापत्रक बघूनच निघा, आणि परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस राखा.

मे-जूनच्या खिंडींना, म्हणजे रूपिन किंवा बुराण घाटीला, प्रश्न नव्या बर्फाचा कमी आणि वितळत्या साठ्याचा जास्त असतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभाग गोठून कडक होतो. पहाटे तीन-चारला निघून नऊच्या आत खिंड उतरली तर मायक्रोस्पाइकवर, म्हणजे बुटाला लावायच्या छोट्या खिळ्यांवर, चालणं सोपं जातं. रात्रभर ढग राहिले तर बर्फ गोठतच नाही, आणि त्या दिवशी सकाळी सहालाही पाय रुतणार. नाल्यावरचा बर्फाचा पूल मधोमध खचलेला किंवा पाण्याचा आवाज जवळ आल्यासारखा वाटला तर वरच्या अंगाला रुंद जागा शोधा आणि एकेकाने, सॅकचा कमरपट्टा सोडून पार व्हा.