टर्मिनलमधून जॉप्लिन: नोंदी लिहा, सिंक करा आणि बॅकअप रोज आपोआप घ्या

जॉप्लिन हे नोंदी ठेवण्याचं मोफत, मुक्तस्रोत अ‍ॅप 2017 पासून वापरात आहे. बहुतेकांना त्याची डेस्कटॉपवरची खिडकी किंवा मोबाइल आवृत्ती माहीत असते. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून संगणक चालवायच्या खिडकीत, चालणारी आवृत्तीही आहे, हे मात्र फार कमी जण जाणतात. दिवसभर टर्मिनलमध्येच काम करणाऱ्याला तिथल्या तिथे नोंद करता येते, ही सोय आहेच. पण माझ्या मते तिचा खरा उपयोग बॅकअपसाठी आहे. वर्षानुवर्षं जमवलेल्या नोंदी एकाच अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नयेत. त्यांची प्रत आपल्या डिस्कवर रोज, न विसरता पडायला हवी, आणि ते काम कमांड लाइनवरून सर्वांत सोपं होतं.

इथे कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन छोट्या अक्षरांत टाकायच्या. नोटबुकांची आणि नोंदींची अवतरणचिन्हांतली नावं आपली स्वतःची असल्याने ती मराठीतच राहू द्या.

1. इन्स्टॉल करणे

लिनक्स आणि मॅकवर हे थेट चालतं. विंडोजवर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) सुरू करून त्यात लिनक्स घ्यावं लागतं. संगणकावर नोड.जेएसची (जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली अ‍ॅप चालवणाऱ्या प्रोग्रामची) अलीकडची आवृत्ती हवी. त्याच्यासोबत येणारं एनपीएम अ‍ॅप इन्स्टॉल करतं. मग या दोन ओळी:

एनपीएम कॉन्फिग सेट प्रीफिक्स ~/.लोकल
एनपीएम इन्स्टॉल -जी जॉप्लिन

पहिल्या ओळीमुळे अ‍ॅप तुमच्याच होम फोल्डरमध्ये बसतं आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) वापरावं लागत नाही. नंतर नुसतं "जॉप्लिन" टाकून एंटर दाबलं की तीन भागांचा पडदा उघडतो: नोटबुकं, त्यातल्या नोंदी आणि निवडलेल्या नोंदीचा मजकूर. टॅबने एका भागातून दुसऱ्यात जायचं, एंटरने नोंद उघडायची आणि कोलन दाबून कमांड द्यायची.

2. सिंक आधी जुळवा

नवे लोक हमखास इथेच अडकतात. डेस्कटॉपवर शेकडो नोंदी असतात आणि टर्मिनलमध्ये एकही दिसत नाही. यात काही बिघडलेलं नसतं. एकाच संगणकावर असले तरी दोघांचे डेटाबेस वेगळे असतात आणि नोंदी एकीकडून दुसरीकडे फक्त सिंकमधूनच (दोन्हीकडच्या नोंदी सारख्या करण्याच्या प्रक्रियेतून) जातात. डेटाबेसची फाइल हाताने कॉपी करण्याच्या भानगडीत पडू नका.

दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर असतील तर इंटरनेट किंवा खातं काहीच लागत नाही. एक रिकामा फोल्डर करा आणि टर्मिनलला सांगा:

जॉप्लिन कॉन्फिग सिंक.टार्गेट 2
जॉप्लिन कॉन्फिग सिंक.2.पाथ /होम/तुमचं-नाव/नोंदी-सिंक
जॉप्लिन सिंक

2 हा आकडा "फाइल सिस्टिम" या पर्यायाचा आहे. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्येही तोच पर्याय आणि तोच फोल्डर निवडा. ड्रॉपबॉक्स वापरत असाल तर 7 द्या. पहिल्या सिंकच्या वेळी एक पत्ता दिसेल, तो ब्राउझरमध्ये उघडून परवानगी द्यायची आणि मिळालेला कोड टर्मिनलमध्ये चिकटवायचा. सिंकच्या फोल्डरमधल्या फाइलींना मात्र कधीही हात लावू नका. तिथली एक फाइल पुसली तरी सगळ्या उपकरणांवर गोंधळ होऊ शकतो.

नोंदी कूटबद्ध केल्या असतील तर सिंकनंतर "जॉप्लिन ई2ईई डिक्रिप्ट" ही कमांड देऊन पासवर्ड टाका. कूटबद्धता नव्याने सुरू करायची असेल तर ती एकाच उपकरणावर करा आणि बाकीच्यांना सिंकमधून कळू द्या.

3. रोजचं लिहिणं

जॉप्लिन एमकेबुक "सोसायटी"
जॉप्लिन यूज "सोसायटी"
जॉप्लिन एमकेनोट "टाकीची दुरुस्ती"
जॉप्लिन एडिट "टाकीची दुरुस्ती"

"यूज" ने निवडलेलं नोटबुक पुढच्या वेळीही लक्षात राहतं. करायच्या कामासाठी "एमकेटूडू", काम झालं की "डन", नोंद वाचायला "कॅट" आणि दुसऱ्या नोटबुकात हलवायला "एमव्ही".

मराठीत लिहिणाऱ्यांना दोन अडचणी येतात. पहिली, अनेक टर्मिनलांत जोडाक्षरं आणि मात्रा फुटलेल्या दिसतात. मजकूर आत शाबूत असतो, फक्त पडद्यावर नीट उमटत नाही. तरीही तसं लिहिणं त्रासाचंच, म्हणून "एडिट" साठी खिडकीत उघडणारा एडिटर नेमा:

जॉप्लिन कॉन्फिग एडिटर "कोड --वेट"

यामुळे नोंद व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये उघडते. "वेट" विसरू नका. तुम्ही फाइल सेव्ह करून बंद करेपर्यंत जॉप्लिनने थांबावं, हे त्यातून कळतं. दुसरी अडचण म्हणजे प्रत्येक नाव टाइप करताना कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो. त्यावर उपाय "जॉप्लिन एलएस -एल". या यादीत प्रत्येक नोंदीपुढे 5 अक्षरांची ओळखखूण येते आणि नावाऐवजी तीच खूण कमांडला चालते. एकाच नावाच्या दोन नोंदी असतील तेव्हाही ती कामाला येते.

4. बॅकअप आपोआप

ही एका ओळीची कमांड सगळी नोटबुकं, टॅग आणि जोडलेल्या फाइली एका जेक्स फाइलीत (जॉप्लिनच्या स्वतःच्या स्वरूपातल्या) एकत्र बांधून देते:

जॉप्लिन एक्स्पोर्ट --फॉरमॅट जेक्स /होम/तुमचं-नाव/बॅकअप/नोंदी.जेक्स

एका छोट्या स्क्रिप्टमध्ये (कमांड ओळीने लिहिलेल्या फाइलीत) आधी "जॉप्लिन सिंक" आणि खाली ही ओळ लिहा. फाइलच्या नावात तारीख घातली तर जुन्या प्रतीही टिकतात. मग "क्रॉनटॅब -ई" (ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची यादी) उघडून ही स्क्रिप्ट रोज रात्री 10 वाजता चालवा:

0 22 * * * /होम/तुमचं-नाव/बॅकअप.एसएच

दोन गोष्टी सांभाळा. क्रॉनला तुमचे नेहमीचे पाथ (प्रोग्राम शोधायची ठिकाणं) माहीत नसतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये जॉप्लिनचा आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहा. शिवाय क्रॉनटॅबमध्ये टक्क्याच्या चिन्हाचा अर्थ वेगळा होतो, त्यामुळे तारखेची कमांड तिथे न लिहिता स्क्रिप्टमध्येच ठेवा. संगणक त्या वेळी चालू असायला हवा, हे ओघानं आलंच.

जेक्स फाइल कूटबद्ध नसते. तुमच्या नोंदी कूटबद्ध असल्या तरी या फाइलीतल्या उघड्या असतात. बँकेचे किंवा दवाखान्याचे तपशील असतील तर ती कूटबद्ध डिस्कवरच ठेवा.

5. बॅकअप उघडतो का ते पाहा

खऱ्या नोंदींवर ही चाचणी करू नका. तीच फाइल पुन्हा आत घेतली की जुन्या नोंदींवर लिहिलं जात नाही, प्रत्येकीची दुसरी प्रत तयार होते. त्यासाठी वेगळं, रिकामं प्रोफाइल (जॉप्लिनचा स्वतंत्र डेटा फोल्डर) वापरा:

जॉप्लिन --प्रोफाइल /टीएमपी/चाचणी इम्पोर्ट /होम/तुमचं-नाव/बॅकअप/नोंदी.जेक्स
जॉप्लिन --प्रोफाइल /टीएमपी/चाचणी एलएस /

दुसऱ्या ओळीने नोटबुकांची यादी येईल. ती पूर्ण आहे का पाहा, फोटो किंवा पीडीएफ जोडलेली एखादी नोंद उघडून बघा आणि मग चाचणीचा फोल्डर पुसून टाका. महिन्यातून एकदा, आणि जॉप्लिन अपडेट केल्यावर तर नक्कीच, एवढं तपासा.