राइडला निघण्यापूर्वीचे खाणे : या चुका टाळा

रविवारी पहाटे साडेपाचला स्वारगेटला जमायचे आणि सिंहगडाकडे सायकली वळवायच्या, हा आमच्या लहानशा गटाचा गेल्या अकरा वर्षांचा रिवाज आहे. या अकरा वर्षांत जितक्या राइड पंक्चरमुळे अर्धवट राहिल्या, त्याहून कितीतरी अधिक रिकाम्या पोटामुळे राहिल्या. फरक इतकाच की पंक्चर झाले हे माणूस मोकळेपणाने सांगतो, पोटात काही नाही हे मात्र कबूल करत नाही. काल झोप नीट झाली नाही, सीट बहुधा खाली गेली आहे, मागचा ब्रेक घासतो आहे, ही सारी कारणे सांगून होतात आणि मग कोणीतरी मुकाट्याने रस्त्याच्या कडेला बसते. म्हणून मी निघण्यापूर्वी प्रत्येकाला काय खाल्ले ते विचारते. नव्याने आलेल्या मुलांचे उत्तर ठरलेले असते, "खाल्लंय की काकू, थोडंसं." या "थोडंसं"चा मी आता धसका घेतला आहे.

"थोडंसं" म्हणजे नेमके किती?

बहुतेक वेळा ते पाच भिजवलेले बदाम असतात, किंवा चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटे. बदामांशी माझे वैर नाही, पण हिशेब करून पाहावा. साधारण सत्तर किलो वजनाच्या माणसाला बेताच्या वेगाने सायकल चालवताना तासाला 400 ते 600 किलोकॅलरी लागतात. पाच बदामांतून मिळतात जेमतेम पस्तीस-चाळीस, म्हणजे स्वारगेटहून निघालेला माणूस दांडेकर पूल ओलांडतो न ओलांडतो तोच बदामांचा हिशेब संपलेला असतो. त्यातही बदामाचा निम्मा भाग स्निग्ध असल्यामुळे तो सावकाश पचतो आणि चढावर जी चटकन वापरता येणारी ऊर्जा हवी असते, ती त्यातून वेळेवर मिळत नाही. दोन बिस्किटांत दहा ग्रॅमसुद्धा कर्बोदके नसतात. प्रथिनांची पावडर पाण्यात घुसळून पिऊन येणारेही आता बरेच झाले आहेत. ती पावडर व्यायामानंतर घेतली तर तिचा उपयोग होईल, पण पहाटे पाच वाजता पायांना हवी असतात ती कर्बोदके, आणि त्या पावडरीत नेमकी तीच नावापुरती असतात.

याच जातीची आणखी एक चूक केळ्याची आहे. "केळं खाल्लं" असे सांगणाऱ्याला मी आता "कोणतं?" असे विचारते. बाजारातल्या मोठ्या केळ्यातून सुमारे पंचवीस ग्रॅम कर्बोदके मिळतात, तर बोटाएवढ्या वेलची केळ्यातून त्याच्या निम्मीही नाहीत. वेलची केळे चवीला उत्तम असते, पण ते खाऊन राइडला यायचे असेल तर तीन खावीत.

रात्रीचे जेवण टाळून पहाटे उपाशीपोटी निघणे

ही माझ्या विशेष रागातली चूक आहे, कारण ती अज्ञानातून होत नाही, अर्धवट वाचनातून होते. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्याबरोबर संगणक क्षेत्रातला एक तरुण येऊ लागला होता. सायकल महागडी, पाय दणकट आणि स्वभाव उतावळा. उपाशीपोटी व्यायाम केल्यास चरबी अधिक जळते असे त्याने कोठेतरी वाचले होते. त्यामुळे आदल्या रात्री आठ वाजता एक वाटी सूप आणि काकडीच्या चकत्या एवढ्यावर त्याने जेवण आटोपले आणि पहाटे बिनसाखरेची काळी कॉफी पिऊन तो निघाला. खडकवासल्यापर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. डोणजे मागे पडून गोळेवाडीला घाट सुरू झाला, तेव्हा "काकू, तुम्ही सावकाश या" असे तो मला सांगून गेला.

तिसऱ्या-चौथ्या वळणावर मी त्याला गाठले. मी वेगाने गेले होते असे नाही, तोच जवळजवळ थांबला होता. गिअर सर्वात हलका होता आणि तरीही पेडल फिरत नव्हते. काय झाले असे विचारले तर तो माझ्यावरच खेकसला. एरवी अतिशय मर्यादेने बोलणारा मुलगा विनाकारण चिडू लागला की मी वाद घालत नाही, सरळ खाली उतरवते. कठड्याला टेकून बसल्यावर त्याच्या कपाळावर गार घाम दिसला. मी खिशातली चिक्की त्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही हातांत धरली, कागदाची कड चिमटीत पकडली आणि ती निसटली. पुन्हा पकडली, पुन्हा निसटली. बोटे इतकी थरथरत होती की तो कागद त्याला फाडता येईना, आणि आपल्याला हे जमत नाही याचे आश्चर्य करण्याइतकेही त्राण त्याच्यात उरले नव्हते. शेवटी कागद मी फाडला.

तेवढ्यात खालून गडावर निघालेली जीप आमच्यापाशी थांबली आणि मागे दह्याची मडकी सांभाळत बसलेल्या एक मावशी खाली उतरल्या. "ताई, पोरानं सकाळपास्नं काय खाल्लंय का न्हाई?" त्याने पुटपुटत कॉफीचे नाव काढले. "काफी म्हंजे खानं व्हय?" असे म्हणून मावशींनी दोन मडकी पुढे केली, दह्यावर पुडीतली साखर सढळ हाताने घातली आणि दोन्ही मडक्यांचे पैसे मात्र चोख मोजून घेतले. वीस मिनिटांनी त्याच्या तोंडावर रंग आला. त्या दिवशी कोणी गड चढले नाही.

झाले होते ते असे. शरीरात साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात दोन ठिकाणी असतो. स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात सुमारे 100 ग्रॅम. स्नायूंतला साठा त्या-त्या स्नायूलाच वापरता येतो, तो रक्तात परत येत नाही. रक्तातली साखर सांभाळण्याचे काम यकृताच्या त्या छोट्या साठ्याकडे असते, आणि मेंदू दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज घेत असल्यामुळे आपण झोपलेले असतानाही तो साठा उतरतच जातो. रात्री पोटभर जेवलेल्या माणसाचासुद्धा पहाटेपर्यंत त्यातला बराच भाग संपतो. ज्याने सूप पिऊन रात्र काढली आणि सकाळी काहीच खाल्ले नाही, तो गोळेवाडीला पोहोचला तेव्हा यकृतात जवळजवळ काही शिल्लक नव्हते. पाय अजून दणकट होते, पण वरची बत्ती गुल झाली होती. सायकलवाले याला "बाँक झाला" असे म्हणतात. चिडचिड, गार घाम, कापरे हात आणि सोप्या गोष्टी न सुचणे ही त्याची लक्षणे आहेत. भुकेची जाणीव त्यात अनेकदा नसतेच.

उपाशीपोटी चालवल्यास त्या वेळी जळणाऱ्या इंधनात चरबीचा वाटा वाढतो, हे खरे आहे. मात्र तेवढ्याने वजन अधिक उतरते असे नाही, कारण घरी परतल्यावर हाच माणूस सहा वडापाव खाऊन दुपारभर झोपतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पाऊण तास सपाटीवर रमतगमत फिरायचे असेल तर खुशाल काही न खाता जावे. त्यापुढे मात्र या क्लृप्तीची जागा घरातल्या स्थिर सायकलवर आहे, सिंहगडाच्या घाटात नाही.

माझी स्वतःची पद्धत अगदी साधी आहे. शनिवारी रात्री मी भात टाळत नाही. मुगाची खिचडी असली तर उत्तम, नसली तर नेहमीच्या जेवणात एक पोळी जास्त. त्यातल्याच दोन पोळ्या बाजूला काढून, गूळ किसून घालून, तुपाचे बोट लावून गुंडाळून ठेवते. पहाटे सव्वाचारला उठून त्या गुंडाळ्या, एक मोठे केळे आणि अर्धा कप चहा. यातून साधारण सत्तर ग्रॅम कर्बोदके होतात. निघण्याच्या तासभर आधी वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम हा जो ढोबळ नियम आहे, त्यात माझ्या बासष्ट किलोंसाठी हे चोख बसते. पहाटे घास उतरत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी एकच सांगते, आठवडाभर थोडे थोडे खाऊन सवय करा. पोटालाही सराव लागतो. गिअरचा अभ्यास करायला महिनाभर वेळ असणाऱ्यांना पोळी चावायला दहा मिनिटे मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

मिसळ आधी की घाट आधी

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे इथे कोणावर डाफरण्याचा मला अधिकार नाही. आम्ही वाईला मुक्काम करून सकाळी पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाणार होतो. अंतर अवघे बारा किलोमीटर, पण बहुतेक सगळा चढच. आठ वाजता एका हॉटेलात बसलो, समोरच्या मिसळीचा वास सुटला आणि "खाऊन निघावे" हा स्वतःचाच उपदेश मी जरा जास्तच मनावर घेतला. दोन वेळा तर्री मागितली, तीन पाव खाल्ले आणि वीस मिनिटांत सायकलवर बसले. पहिले दोन किलोमीटर बरे गेले. मग आंबट ढेकर, मग छातीत जळजळ, मग पोटात असा गोळा की पुढे वाकून हँडल धरणे अशक्य. अर्ध्या घाटात कठड्यावर बसून मी धोम धरणाचे पाणी पाहत राहिले आणि आमच्या गटातले सर्वात सावकाश गृहस्थ, ज्यांनी फक्त दोन इडल्या खाल्ल्या होत्या, ते हात हलवत माझ्यासमोरून गेले.

तेलातुपाचे खाणे जठरात जास्त वेळ रेंगाळते. शिवाय चढावर रक्ताचा ओघ पायांकडे वळतो आणि पचनाच्या वाट्याला कमी येतो, त्यामुळे जे रेंगाळले होते ते तसेच पडून राहते. मिसळ, कट वडा, साबुदाणा वडा हे सगळे राइड संपल्यावर खावे, आणि तेव्हा पोटभर खावे. आधी खायचेच तर कमी तेलातले पोहे, इडली, उपमा, शिरा यांतले काहीतरी, आणि खाणे व निघणे यांत तास-दीड तासाचे अंतर असू द्यावे. एकादशी रविवारी आली तर साबुदाण्याची खिचडी चालते, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टच असते. दाण्याचा कूट आणि तूप मात्र त्या दिवशी निम्मे करावे.

बाकीच्या, थोडक्यात

भूक लागण्याची वाट पाहू नये. दीड तासाहून मोठ्या राइडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि मी पहिला खजूर चाळिसाव्या मिनिटाला घड्याळ पाहून खाते, मग इच्छा असो वा नसो.

पाण्यात विरघळणाऱ्या बिनसाखरेच्या गोळीतून क्षार मिळतात. तिला खाणे समजू नये.

पहिल्याच चाळीस किलोमीटरला जेलची, म्हणजे सायकलवर चोखून खायच्या गोड, घट्ट रसाची, चार पाकिटे घेऊन येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की एका पाकिटात जेवढी कर्बोदके असतात, तेवढी राजगिऱ्याच्या दोन-तीन लाडवांत मिळतात, आणि लाडू पोटाच्या ओळखीचा असतो. जो पदार्थ घरी कधी खाल्ला नाही, तो राइडच्या दिवशी प्रथमच खाऊ नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी यातले काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

तरीही वाटेत गळपटलात तर

सायकलवरून उतरावे, सावलीत बसावे आणि गोड खावे. लिमलेटच्या गोळ्या, साखर-मीठ घातलेले लिंबू सरबत, खजूर, उसाचा रस, जे हाताशी असेल ते. बदाम किंवा भजी त्या क्षणी कामाची नाहीत. एक घास खाऊन लगेच उठण्याची घाई करू नये, साखर रक्तात पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे द्यावीत. बरे वाटल्यावर आणखी काहीतरी टिकाऊ खावे, एखादी पोळी किंवा केळे, कारण नुसत्या गोळ्यांवर आलेली तरतरी अर्ध्या तासात ओसरते. चढ तेथेच सोडून परत फिरावे.

परत फिरताना एक धोका बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. घाटातून उतरायला पायांची ताकद लागत नाही, म्हणून उतरणे सोपे वाटते. पण उतारावर सारी भिस्त ब्रेक दाबणाऱ्या बोटांवर असते, आणि नेमकी तीच कापत असतात. सिंहगडाच्या त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली आहे. असा कोणी बसला की वीस मिनिटांनी त्याच्या तळहातावर मी लिमलेटची एक गोळी ठेवते आणि तिचा कागद त्याचा त्यालाच सोलायला सांगते. सोलला तर सायकल देते. नाही सोलला तर आणखी दहा मिनिटे बसवते, आणि तरीही नाहीच सोलला तर खाली जाणाऱ्या जीपला हात करते.