ओटा आधी ठरवा, रंग नंतर: स्वयंपाकघराचं काम काढताना या चुका टाळा

फोनमधला फोटो पुढे करून ‘आम्हाला असंच हवं’ म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, घरात पोळ्या कोण लाटतं? बरेच जण गोंधळतात. शटरचा रंग ठरलेला असतो, हँडल ठरलेली असतात, पण रोज दोन-अडीच तास जे माणूस तिथे उभं राहणार, त्याची उंची कुणी मोजलेली नसते. पुण्यात २२ वर्षं हे काम करतोय आणि २२ वर्षं त्याच त्या चुका निस्तरतोय. म्हणून हे लिहायला बसलो.

ओट्याची उंची कॅटलॉगवरून घेणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, कारण बाकीचं नंतर बदलता येतं. ग्रॅनाइट एकदा बसला की ओटा हलत नाही.

कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत मला ‘ट्रॉल्या अडकतात, जरा बघून जा’ म्हणून बोलावलं होतं. काम दुसऱ्या कुणाचं, वर्षभरापूर्वी झालेलं. मुलगा परदेशात, त्यानं तिकडूनच फोटो पाठवून सगळं ठरवलेलं. दिसायला स्वयंपाकघर फार सुरेख होतं. मी टेप घेऊन खाली वाकलो तर पायाला एक पाट लागला. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, पण सरकू नये म्हणून खाली जुन्या चपलेचे रबरी तुकडे ठोकलेले. काकूंची उंची ४ फूट १० इंच आणि ओटा ३६ इंच. त्या पाटावर चढून पोळी लाटायच्या, खाली उतरून सिंककडे जायच्या, परत पाटावर. पाटाची पुढची कड पायांनी गुळगुळीत झाली होती. ‘सवय झाली आता,’ त्या म्हणाल्या. सांगताना डाव्या हातानं उजवा खांदा चोळत होत्या.

शेवटी ग्रॅनाइट उचलला, खालचे कडप्प्याचे उभे आधार कापले आणि ओटा ३१ इंचांवर आणला. ट्रॉल्यांचे सगळे सांगाडे नव्यानं करावे लागले. नवं स्वयंपाकघर वर्षभरात दुसऱ्यांदा फोडलं, आणि हे सगळं पहिल्या दिवशी १० मिनिटं मोजमापाला न दिल्यामुळे.

मोजायचं असं. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीनं घरात वापरायच्या चपला घालून सरळ उभं राहायचं आणि कोपर काटकोनात वाकवायचं. तयार फरशीपासून कोपरापर्यंतचं अंतर घ्यायचं आणि त्यातून ४ ते ५ इंच वजा करायचे. ५ फूट उंचीच्या बाईला साधारण ३२ इंच येतात. साडेपाच फूट उंचीला ३५ च्या आसपास जातं. ‘तयार फरशी’ हा शब्द नीट वाचा. जुन्या फरशीवर नवी फरशी चिकटवणार असाल तर जमीन पाऊण-एक इंच वर येते आणि ओटा तेवढाच बुटका होतो. हे मिस्त्रीला आठवतं तोवर ओटा झालेला असतो.

दुसरी गोष्ट शेगडीची. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच ४-५ इंच उंच, त्यावर कुकर. ग्रॅनाइट कापून बसवायचा हॉब असेल तर बर्नर जेमतेम दीड-दोन इंच वर येतो. तेव्हा हॉब की शेगडी, हे आधी ठरवा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांकडे मी काम सुरू करत नाही.

आकड्यांवरही माझा पूर्ण भरवसा नाही. माझ्या गाडीत ३ फुटांची एक फळी कायम असते. साइटवरच्या विटा रचतो, वर फळी, आणि वहिनींना सांगतो, पोळपाट आणा, कणीक आणा, चार पोळ्या लाटा. फरशीचे तुकडे खाली-वर करून अर्ध्या-अर्ध्या इंचानं उंची बदलत जातो. लाटताना खांदे वर उचलले गेले तर ओटा उंच आहे. कमरेतून वाकायला लागलं तर बुटका आहे. तोंडानं ‘ठीक आहे’ म्हणतात तेव्हाही खांदे खरं सांगतात. आणि घरात दोन उंचीची माणसं स्वयंपाक करत असतील, तर रोजची कणीक ज्याच्या हातात, त्याची उंची धरायची. इथे मानपान आणू नये.

जुने पाईप भिंतीत ठेवून वर नव्या टाइल्स लावणं

ही चूक एकदा मीही होऊ दिली आहे. गणपतीच्या आधी स्वयंपाकघर हवं म्हणून एक कुटुंब मागे लागलं होतं. इमारत तिशी ओलांडलेली, भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप. मी म्हटलं, बदलू या, ३ दिवस जास्त लागतील. ‘पाणी तर व्यवस्थित येतंय, कशाला फोडायचं?’ मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

गणपती छान झाले. दिवाळीनंतर खालच्या मजल्यावरचे आजोबा वर आले, त्यांच्या छताला पोपडे धरले होते. सिंकखालचं शटर उघडलं तर प्लायची खालची कड भिजलेल्या पोह्यासारखी फुगली होती, बोटानं भुगा पडत होता. भिंतीतल्या एल्बोमधून, म्हणजे पाईपच्या वळणाच्या जोडातून, पाणी झिरपत होतं. नव्या कोऱ्या ११ टाइल्स फोडल्या. दुकानात गेलो तर तो लॉट संपलेला. त्याच नावाची टाइल मिळाली, पण छटा वेगळी. त्या घरातल्या भिंतीवर तो चौकोन अजून दिसतो, आणि मी तिथे गेलो की माझी नजर आधी तिथेच जाते.

असं का होतं, ते समजून घ्या. जीआयचा पाईप आतून गंजतो. जुन्या जोडात आटे झिजलेले असतात आणि बऱ्याचदा तो गंजच जोड धरून ठेवतो. जुन्या टाइल्स काढताना छिन्नी-हातोड्याचे दणके बसतात, जोड सैल होतो, पण लगेच गळत नाही. दोन-तीन महिने थेंब थेंब जिरतो. तोवर कंत्राटदाराचे पैसे देऊन झालेले असतात.

आता माझा नियम आहे. डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरचा टाइल्सचा पट्टा, फोडला की भिंतीतले सगळे पाईप नवीन, सीपीव्हीसीचे, म्हणजे न गंजणाऱ्या प्लास्टिकचे. टाइल लावण्याआधी प्लंबरनं टेस्ट पंप लावून पाईपमध्ये पाण्याचा दाब भरायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी दाबाचा काटा उतरला असेल तर टाइलवाल्याला घरी पाठवतो. उघड्या भिंतीला टेप लावून फोटो काढतो, पाईप कुठून आणि किती उंचीवरून गेलाय ते कळावं म्हणून. तो फोटो घरमालकाला देतो, कारण चार वर्षांनी कुणीतरी तिथेच खिळा ठोकणार असतो. टाइल्सची एक पेटी जास्तीची घेऊन माळ्यावर टाकायला लावतो. आणि सिंकमागची फळी खिळ्यांनी कधीच ठोकत नाही. ४ स्क्रू, काढले की भिंत दिसली पाहिजे.

नहाणी ट्रॅपला, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याला, हात लावला असेल तर वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून खालच्यांचं छत बघून या. स्वतः जाऊन बघा, फोनवर विचारू नका.

बाकीच्या चुका, भराभर

प्लाय घेताना ‘वॉटरप्रूफ आहे’ या शब्दावर जाऊ नका. सिंकच्या आसपास आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेलाच घ्या. त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. मी शिक्का बघूनही कापलेला एक तुकडा दोन दिवस बादलीत बुडवून ठेवतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, सिंकखाली कधीच नाही.

स्टीलच्या ट्रॉलीला लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४ आहे’ असं दुकानदार दाखवतो. ३०४ हा स्टीलचा चांगला दर्जा, २०२ हा स्वस्तातला. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. ३०४ लिहिलेलं बिल मागा. २०२ ला ओल आणि मिठाच्या हातांनी डाग पडायला लागतात.

इंडक्शन २००० वॉटचं असेल तर जवळजवळ ९ अँपिअर घेतं. ते ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवून सॉकेट काळं पडलेलं मी अनेक घरांत पाहिलंय. १६ अँपिअरचे किमान ३ पॉइंट ओट्यावर हवेत, वायर ४ स्क्वेअर एमएमची, आणि एक्स्टेंशन बोर्ड स्वयंपाकघरात नकोच.

सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. पाइप गॅसची नळी सरकवायची असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवा. सुताराला त्या नळीला हात लावू देऊ नका, तो कितीही ‘होतंय, साहेब’ म्हणाला तरी.

चिमणीच्या ६ इंची पाइपला आवळून ४ इंचांच्या भोकातून बाहेर काढतात आणि मग ‘चिमणी ओढत नाही’ म्हणून तक्रार करतात. वळणंही कमीत कमी ठेवा.

दिवा फक्त छताच्या मध्यभागी असेल तर चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटाखाली दिव्याची एक पट्टी लावा.

दोन भांड्यांचं सिंक छोट्या ओट्यात घेऊ नका. परात आणि कुकर आडवे मावतील असं एकच खोल भांडं बरं.

उघडे शेल्फ फोटोत छान दिसतात. रोजच्या फोडणीच्या घरात महिन्याभरात त्यांच्यावर तेलाचा चिकट थर बसतो.

ग्रॅनाइटच्या पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी तिथेच थांबून खाली पडतं, शटरवर उतरत नाही. मिस्त्री कंटाळा करतात. मी तिथे उभा राहून मारून घेतो.

आणि शेवटच्या दिवशीची घाई. सिंकच्या कडेनं सिलिकॉन भरला की २४ तास नळ सोडायचा नाही. बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी चहाची भांडी सिंकमध्ये पडतात, कड सुटते आणि ओल थेट प्लायमध्ये उतरते. म्हणून मी निघताना नळाच्या तोटीला चिकटपट्टीचे चार वेढे देतो, त्यावर पेनानं उद्याची वेळ लिहितो आणि चहा शेजारच्यांकडे घ्या असं घरच्यांना सांगून निघतो.