बी.आर्च.चं रँकिंग बघताना या चुका टाळा

कॅप राउंड (राज्याची केंद्रीय प्रवेश फेरी) जवळ आला की घराघरांत एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या रँकिंगची आर्किटेक्चरची यादी उघडली जाते आणि त्याच क्रमाने ऑप्शन फॉर्म भरला जातो. प्रश्न बी.आर्च.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, पाच वर्षांचा आहे, त्यामुळे ती यादी काय मोजते हे आधी बघा.

क्रमांक म्हणजे स्टुडिओचा (डिझाइन शिकवणाऱ्या वर्गाचा) दर्जा, असं समजणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. एनआयआरएफ शिक्षक-विद्यार्थी प्रमाण, पीएचडी झालेले शिक्षक, खर्च, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या संशोधनाच्या सूचींमधले शोधनिबंध, पदवीनंतरचा पगार, संस्थेचा नावलौकिक हे सगळं मोजते. पण आर्किटेक्चर शिकवणारी कितीतरी उत्तम माणसं दिवसभर साइटवर असतात. ती इमारती बांधतात, शोधनिबंध लिहीत नाहीत. ज्युरीत, म्हणजे डिझाइनच्या परीक्षणात, तुमच्या ड्रॉइंगच्या शीटसमोर उभं राहून जिना का चुकला हे समजावणारा माणूस या आकड्यांत जवळजवळ दिसतच नाही. माझ्या मते याद्यांची खरी मर्यादा हीच आहे.

यादीत नाव नाही म्हणून कॉलेज बाद करू नका. भाग घेणं ऐच्छिक असतं आणि माहिती कॉलेजं स्वतःच भरतात. देशात आर्किटेक्चरची कॉलेजं शेकडो आहेत. 2024 च्या यादीत नावं होती फक्त 40.

क्रमांकाऐवजी गुण बघा. शेजारच्या दोन कॉलेजांत कधी कधी एखाद्या गुणाचाच फरक असतो. कॉलेजने भरलेली माहितीही संकेतस्थळावर असते. पाच वर्षांत किती मुलं पास झाली आणि पगाराचा मध्यक किती, हे दोन आकडे तिथून काढा. क्रमांकापेक्षा ते जास्त बोलतात.

वर दिसणाऱ्या आयआयटी रुरकी आणि खरगपूरसाठी जेईई अॅडव्हान्स्ड आणि एएटी (आर्किटेक्चरची अभियोग्यता चाचणी) लागते. नागपूरच्या व्हीएनआयटीचा प्रवेश जेईई मेनच्या पेपर 2 वर होतो. राज्याच्या कॅपमध्ये यांपैकी काहीच मिळत नाही.

यादी बाजूला ठेवून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर कॉलेजची मान्यता आणि मंजूर जागा तपासा, कारण 1972 च्या कायद्यानुसार मान्य पदवीशिवाय आर्किटेक्ट म्हणून नोंदणी होत नाही. मग थिसिसचं प्रदर्शन बघून या. प्रॅक्टिकल ट्रेनिंग करून परतलेल्या मुलांना विचारा, की ऑफिसमध्ये पहिल्या महिन्यात त्यांना काय येत नव्हतं.